शाकारणी उक्ती द्यावी का?

प्रश्न : काका, आमचं देवरुखजवळच्या गावातलं घर मंगलोरी कौलांचं आहे. आई तिथे एकटी असते, मी डोंबिवलीला. दरवर्षी शाकारणी करणारे, म्हणजे छपराची कौलं नीट बसवून देणारे, आजोबा आता थकले. गावातला एक तरुण म्हणतो, "उक्तं द्या, म्हणजे सगळ्या कामाचे एकरकमी पैसे ठरवा, एका दिवसात उरकतो, वर नारळही पाडून देतो." रोजावर, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर, माणसं लावली तर खर्च वाढेल. काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, रोजावरच द्या, आणि एक नाही, दोन माणसं लावा. मी संगमेश्वर-रत्नागिरी भागात आयुष्यभर घरबांधणीची कामं घेतली. गिलावा, फरशी खुशाल उक्ती दिली. छपरावरचं काम मात्र रोजानेच करून घेतलं. उक्त्यात माणूस दमला, ऊन डोक्यावर आलं, तरी खाली उतरत नाही, कारण उतरला की त्याचाच पैसा बुडतो. पाय चुकतो तो अशाच वेळी. दुसरा माणूस शिडी धरायला, कौलं वर द्यायला आणि काही झालंच तर धावायला हवा. ते काम आईंवर टाकू नका.

माणूस पारखायचा कसा? चांगला शाकारणारा आधी घरात येतो आणि खालून वर बघतो. कुठे वाळवी लागली आहे, कुठली रीप (कौलं टेकतात ती आडवी पट्टी) कुजली आहे, वासे (रिपांखालची उतरती लाकडं) कुठून गेले आहेत, हे त्याला चढण्याआधी माहीत हवं, कारण कौल स्वतः माणसाचं वजन पेलत नाही. पाय वाशाच्या रेषेत, रिपेवर पडावा लागतो. आल्या आल्या शिडी मागणाऱ्याला मी कधी काम दिलं नाही. मागच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर कोणीही थेट पाय देऊ नये. जुना पत्रा बाहेरून धड दिसतो आणि क्षणात फुटतो. आडवी फळी टाकूनच जायचं.

शिडी पागोळीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, वर तीनेक फूट निघालेली हवी आणि वर बांधलेली. टेकते ती जागा बारा फूट उंच असेल तर पाया भिंतीपासून तीन फूट लांब. दोर तुम्ही विकत आणा, विहिरीवरचा जुना देऊ नका. दोर अडकवायचा पट्टा घ्याल तो छाती, खांदे आणि मांड्या धरणारा घ्या. नुसता कमरेचा असेल तर झटका सगळा पोटावर आणि कण्यावर येतो. दोर आढ्यावरून, म्हणजे छपराच्या माथ्यावरून, पलीकडे नेऊन मजबूत झाडाला बांधावा, आणि ढिला सोडू नये. "आम्हाला सवय आहे," असं तो म्हणेल. म्हणू दे. तुमच्या घरावर चढणारा पट्टा लावूनच चढेल, हे मजुरी ठरवतानाच सांगा.

विजेचं विसरू नका. मेन स्विच बंद केला तरी खांबावरून घरात येणारी तार चालूच असते. ती छपराला लागून असेल तर महावितरणला कळवून तेवढ्या वेळापुरती बंद करून घ्या.

दोघांना प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे का, विचारा. वय १८ ते ७० आणि बँकेत खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. मुदत ३१ मेला संपते आणि शाकारणी नेमकी त्याच सुमारास निघते, म्हणून खात्यात हप्त्याचे पैसे आहेत ना, तेही बघायला सांगा. हप्ता तुम्ही भरलात तरी काही बिघडत नाही.

नारळ वेगळ्या दिवशी, पाडेल्याकडूनच. माड चढणं हे वेगळं कसब आहे.

आणि पावसात एखादं कौल माकडांनी फोडलं, गळायला लागलं, तर त्या दिवशी कुणालाही वर चढवू नका. भिजलेल्या, शेवाळलेल्या कौलावर पाय ठरत नाही. खाली पातेलं ठेवावं. आतून हात पोचत असेल तर कौलाखाली प्लॅस्टिकचा तुकडा सरकवावा. उघडीप होऊन छप्पर नीट वाळलं की मग माणूस बोलवा.