विंच लाँचला पंख कधी सोडायचा, हे कोण ठरवतं?

तुम्ही विचारलंय, "विंच लाँचच्या वेळी पंखाचं टोक धरून किती पळायचं, आणि सोडायची वेळ मी ठरवायची की पायलटने?" विंच लाँच म्हणजे इंजिन नसलेल्या ग्लायडरला जमिनीवरच्या यंत्राने, म्हणजे विंचने, लांब केबल गुंडाळत ओढून हवेत चढवणं; सुरुवातीला एक जण पंखाचं टोक धरून सोबत पळतो. हा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण याच्यावरून माझं एका माणसाशी वाजलं ते आजवर मिटलेलं नाही.

इंग्लंडमधला आमचा क्लब. मी नवशिका, पण पंख धरायचं काम रोज करत होतो. ग्लायडर के-21, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत 17 मीटरचा पंख. वारा डावीकडून तिरका, आणि मी उजव्या टोकाला. पायलट वीस वर्षं उडवणारे गृहस्थ. केबल लागली. मी वर आणि मागे पाहिलं, आकाश मोकळं होतं. हात खालून हलवून केबल ताणायची खूण केली, मग डोक्यावरून हलवून 'ऑल आउट', म्हणजे आता पूर्ण जोराने ओढा. वाऱ्याकडचा पंख उचलला जाणार हे माहीत होतं, म्हणून माझं टोक किंचित वर ठेवलं होतं. पाच-सहा पावलं पळालो आणि पंख तळव्यावरून निघून गेला. पुढच्याच क्षणी तेच उजवं टोक खाली आलं, गवत घासत गेलं, नाक उजवीकडे फिरू लागलं. नशीब म्हणून पंख पुन्हा उचलला आणि ग्लायडर वर गेलं. माझ्या पायातलं बळ गेलं होतं.

खाली उतरल्यावर गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "लवकर सोडलास. आणखी पळायला हवं होतं."

कुठवर पळणार? विंचवर ग्लायडर तीनेक सेकंदांत जमीन सोडतं. त्यापुढे धरून ठेवलं तर टोक मागे ओढलं जातं आणि आठ मीटर लांबीच्या त्या तरफेने नाक माझ्याच बाजूला फिरतं. पंख मी सोडला, कारण तो सोडायचाच असतो. केबल त्यांनी सोडायला हवी होती. टोक गवतात अडकलं की नाक वळतं, बाहेरच्या पंखाचा वेग वाढतो, तो उचलला जातो आणि ग्लायडर चाकासारखं पलटी खातं. तिथे विचार करायला वेळच नसतो. म्हणूनच ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने 2005 मध्ये सुरक्षित विंच लाँचची मोहीम हाती घेतली, तेव्हापासून बजावलं जातंय: डावा हात रिलीजच्या, म्हणजे केबल सोडायच्या, पिवळ्या नॉबवर ठेवूनच लाँच सुरू करा, आणि पंख समतल राखता येत नसेल तर टोक जमिनीला लागायच्या आत केबल सोडा. त्यांचा डावा हात मांडीवर होता. कॅनॉपीतून, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणातून, मी पाहिला होता.

तर, तोल सांभाळणं पायलटचं काम. तुम्ही त्याला एलेरॉनमध्ये, म्हणजे पंख वर-खाली करणाऱ्या हलत्या पट्ट्यांमध्ये, जोर येईपर्यंतचे दोन-तीन सेकंद देता, बस्स. टोक मुठीत आवळू नका, ढकलू नका, ओढू नका.

एक मात्र कबूल करतो. केबल ताणली जात असताना टोक माझ्या तळव्यावर जड लागत होतं, म्हणजे पायलटने स्टिक (पंखांचा तोल सांभाळायचा दांडा) वाऱ्याच्या बाजूला दिलेली नव्हती. तेव्हाच हात सरळ वर करून 'स्टॉप' द्यायला हवा होता. ज्येष्ठ माणूस आहे म्हणून गप्प बसलो. तुम्ही बसू नका. टोक जड लागलं, की खूण करा, समोर कुणीही असो.

आणि हो, हे सगळं विंचचं. विमानाने ओढताना वेग सावकाश वाढतो, तिथे जास्त पळावं लागतं, पंखांत वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर आणखीच. तुमच्या क्लबातला इन्स्ट्रक्टर वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. पण "लवकर सोडलास" असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, तुमचा डावा हात कुठे होता?