रस्त्याकडेच्या मुरमाड जागेत सावलीसाठी करंज लावावा का?

होय, कमी देखभालीत दाट सावली हवी असेल तर करंज अवश्य लावावा. नदीकाठी आणि खाडीकिनारी आपोआप वाढणारा हा देशी वृक्ष खारी जमीन, काही काळ साचलेले पाणी आणि उन्हाळ्यातील पाण्याची ओढ हे सारे सोसतो. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करत असल्यामुळे त्याला खतही फारसे लागत नाही. पहिली दोन-तीन वर्षे मात्र उन्हाळ्यात नियमित आळे भरून पाणी द्यावे आणि खोडालगत सिमेंट किंवा फरशी कदापि बसवू नये. पानांवरील फोडांसारख्या गाठी सूक्ष्म कोळ्यांमुळे येतात. त्यांसाठी फवारणी करू नये. बिया विषारी असल्याने, लहान मुले खेळतात तेथे गळलेल्या शेंगा वेळोवेळी उचलाव्यात.