‘गॉथिक’ म्हणजे ‘भयाण’ का?

प्रश्न असा आहे: ‘आमियँच्या कॅथीड्रलमध्ये शिरताच गॉथिक मूड जाणवतो’ या वाक्याच्या भाषांतरात ‘भयाण वातावरण’ लिहिलं तर चालेल का? (आमियँ हे फ्रान्समधलं शहर; तिथलं कॅथीड्रल, म्हणजे मुख्य चर्च, मध्ययुगीन गॉथिक शैलीतलं आहे.)

नाही चालणार. ‘गॉथिक’ला भीतीचा अर्थ चिकटला तो अठराव्या शतकात. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने १७६५ मध्ये आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘गॉथिक कथा’ असं उपशीर्षक दिलं. तिथून पडके किल्ले, तळघरं आणि भुतंखेतं या शब्दाच्या मागे लागली. आमियँचं बांधकाम सुरू झालं १२२० मध्ये. त्या गवंड्यांना आपण ‘गॉथिक’ काही बांधतोय हेही ठाऊक नव्हतं, कारण हे नाव सोळाव्या शतकातल्या इटालियन लेखकांनी रुजवलं, तेही हिणवण्यासाठी. ४१० मध्ये रोम लुटणारे ते गॉथ नावाचे जर्मानिक लोक, म्हणून ही शैली रानटी, असा त्यांचा रोख होता.

मग मूळ भाव कोणता? इमारतीसाठी माझी निवड ‘उदात्त’. पाणिनीचं सूत्र आहे ‘उच्चैरुदात्तः’: उंच उच्चारला जाणारा स्वर तो उदात्त. वर उचललं जाणं या शब्दातच आहे, आणि या कलेचं सगळं बळही तिथेच खर्च झालं आहे. आमियँचं छत सुमारे ४२ मीटर उंच, तर मधल्या दालनाची रुंदी त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे नजर आडवी रेंगाळत नाही, खांबांवरून थेट वर चढते. टोकदार कमानी आणि बाहेरून दिलेले कमानदार टेकू छताचा रेटा पेलतात, म्हणून भिंतीत मोठाल्या खिडक्या ठेवता येतात. ‘भव्य’ चुकीचा नाही, पण तो नुसता आकार सांगतो. एखादं गोदामही भव्य असतं.

‘अंधारलेलं’ हा शब्द मात्र जपून वापरावा. पॅरिसजवळच्या सँ-दनीचा मठाधिपती स्यूजे याने ११४४ मध्ये आपल्या चर्चचा नवा पूर्वभाग खुला केला, तेव्हा त्याने गौरवलं ते खिडक्यांतून अखंड येणाऱ्या प्रकाशाला. रंगीत काचांमुळे तो प्रकाश गडद होतो, हे खरं. पण फ्रान्समधल्याच शार्त्रच्या कॅथीड्रलच्या आतल्या काळोखीत मेणबत्त्यांच्या काजळीचा आणि धुळीचा मोठा वाटा होता. अलीकडे ती साफ केल्यावर खालचा फिकट रंग दिसला आणि अनेकांना तो खटकला. आपण काजळीलाच ‘गॉथिक भाव’ समजत होतो! इथे ‘गंभीर’ हा शब्द चांगला, कारण त्यात खोली आहे, भीती नाही.

दुसरी फसगत पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलवरच्या राक्षसांच्या पुतळ्यांमुळे होते. गालावर हात टेकून शहराकडे पाहणारा तो प्रसिद्ध शिंगवाला मध्ययुगीन नाही. तो एकोणिसाव्या शतकातल्या वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकच्या जीर्णोद्धारातला. पावसाचं पाणी भिंतीपासून दूर फेकणारी जनावरमुखी पन्हळं ही वेगळी गोष्ट. ती मध्ययुगातही होती.

मूर्तींसाठी मात्र ‘उदात्त’ पुरत नाही. जर्मनीतल्या बॉनच्या संग्रहालयात चौदाव्या शतकाच्या आरंभीची एक लाकडी पिएता (मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेची मूर्ती) आहे, जेमतेम ८९ सेंटीमीटर उंच. मांडीवर येशूचा खंगलेला देह, जखमांतून घोसासारखं गोठलेलं रक्त, आईचा चेहरा दुःखाने पिळवटलेला. तिथे ‘करुण’च हवा, आणि थोडा बीभत्सही. उलट फ्रान्समधल्या रँसच्या कॅथीड्रलच्या दारातला देवदूत चक्क हसतो; त्याला ‘प्रसन्न’ म्हणा. म्हणजे ‘गॉथिक भाव’ असा एकच ठोकळा नाही. आधी वस्तू कोणती ते पाहा, मग विशेषण निवडा.

मुंबईच्या सीएसएमटीला ‘गॉथिक’ म्हणतो ते केवळ शैलीपुरतं. १८८८ मध्ये पूर्ण झालेलं ते स्थानक. तिथे भक्तिभाव शोधू नये.

‘मूड’ला ‘मनःस्थिती’ म्हणू नका, ती माणसाची असते. वास्तूचं ‘वातावरण’ आणि मूर्तीचा ‘भाव’. तुमचं वाक्य मी असं करीन: ‘आमियँच्या कॅथीड्रलमध्ये शिरताच नजर आपोआप वर जाते आणि मन उदात्त, गंभीर होतं.’ ‘गॉथिक’ शब्दाची इथे गरजच उरत नाही.