गरोदरपणातला बीपी आणि हातातलं यंत्र

यंत्रांबद्दलच्या त्याच त्या शंका रोज येतात, म्हणून एकदाच उत्तरं देते.

मनगटावर बांधायचं यंत्र चालेल का?
नाही. दंडाचंच घ्या.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की बीपी सांगणारं ॲप आहे. वापरू?
ते खेळणं आहे. काढून टाका.

खोक्यावर 'प्रमाणित' छापलंय. पुरेसं ना?
कुणावर तपासून प्रमाणित केलंय, ते विचारा. बहुतेक स्वयंचलित यंत्रं पट्ट्यातली स्पंदनं टिपून आकड्याचा हिशेब करतात. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून इतर अवयवांनाही त्रास होणाऱ्या आजारात, हा हिशेब चुकून बीपी आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून गरोदर स्त्रियांवर आणि या आजारातही तपासलेलंच यंत्र हवं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने घडवलेलं 'क्रेडल' तसं आहे. त्यात हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो, त्यामुळे नवख्या आरोग्यसेविकेलाही कळतं. पट्टा दंडाच्या घेराचा हवा: तोकडा पट्टा आकडा फुगवतो, मोठा उतरवतो. पहिल्यांदा यंत्र दवाखान्यात नेऊन तिथल्या मापाशी ताडून घ्या.

आठवा महिना. सकाळी १६४/११२ आला. पुन्हा पुन्हा घेतला, चौथ्यांदा १५२/९८ आला. डोकं दुखतंय, पण घरचे म्हणतात पित्त असेल. तपासणी परवा आहे, तोवर थांबू?
हे वाचत असाल तर आधी निघा, बाकीचं वाटेत वाचा. मनासारखा आकडा येईपर्यंत पट्टा फुगवत बसणं म्हणजे मोजमाप नव्हे, स्वतःची समजूत घालणं. १४०/९० दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. वरचा १६० किंवा खालचा ११०, दोन्हींपैकी एकानेही रेषा गाठली तर तातडीने रुग्णालय. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतात ते खात्रीसाठी, आणि तेही निघायची तयारी करता करता. उपचार तासाभराच्या आत सुरू व्हायला हवेत, कारण मेंदूत रक्तस्राव किंवा झटके यायला परवा उजाडावा लागत नाही. आणि डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे कळ यांपैकी काही असेल, तर आकडा चांगला आला तरी जायचं. 'पित्त' या शब्दाने किती वेळ खाल्लाय, ते मी कितीदा पाहिलंय! या आजारात लघवीतून जाणारं प्रथिन, बिघडणारं यकृत, घटणाऱ्या प्लेटलेट यंत्राला दिसत नाहीत.

आईच्या बीपीच्या गोळ्या घरात आहेत. अर्धी घेऊ?
मुळीच नाही. त्यांतल्या काही बाळाच्या मूत्रपिंडांना घातक असतात.

बाळंतपण झालं. यंत्र आता बहिणीला देऊ का?
सहा आठवडे थांबा. बाळंतपणानंतरही बीपी चढतो, विशेषतः पहिल्या आठवड्यात. किती दिवस मोजायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि बहिणीच्या दंडाचा घेर मोजून ठेवा.