स्टेन्सन, व्हार्टन आणि विलिस: फर्स्ट इयरवाल्यासाठी

अरे, अ‍ॅनाटॉमीच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नुसतं ‘स्टेन्सन्स डक्ट’ म्हणून थांबू नकोस. आधी पॅरोटिड डक्ट (कानाजवळच्या लाळग्रंथीची नळी) म्हण, मग जिच्यामागे नाव लागलंय त्या स्टेन्सनला आण. ती वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात उघडते, व्हार्टनची नळी, म्हणजे जबड्याखालच्या लाळग्रंथीची, जिभेखाली. लाळेचे खडे बहुतेक वेळा व्हार्टनच्याच नळीत अडकतात, म्हणजे सर्जरीतही ती तुला सोडणार नाही. नाळेतली जेलीसुद्धा याच व्हार्टनच्या नावाची, तिथे गोंधळू नकोस.

विलिसचं वर्तुळ, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेलं रक्तवाहिन्यांचं कडं, मात्र स्वतः काढूनच शीक, वाचून काही होत नाही. विलिसच्या १६६४ सालच्या मेंदूवरच्या ग्रंथासाठी ख्रिस्तोफर रेननं चित्रं काढली होती. हो, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा आर्किटेक्ट तोच! आणि गर्भाशयाच्या नळीचंही असंच: पेपरात युटेराइन ट्यूब लिही, वॉर्डात सगळे फॅलोपियनच म्हणतात.