उघडी जीप, सागरी रस्ता आणि मार्चमध्ये येणारे 8 लाख 40 हजार

प्रश्न थोडक्यात असा: वाचक 51 वर्षांचे, नाशिकच्या सिडकोत राहतात, अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात मेंटेनन्स पाहतात. हातात पगार 78 हजार, घरखर्च 45 हजार, घरकर्जाचा हप्ता साडेचौदा हजार (बाकी 4 लाख 10 हजार), एसआयपी 8 हजार. बँकेत 3 लाखांची एफडी. मुलगा बारावीला, पुढे पुण्यात इंजिनिअरिंग. फी आणि हॉस्टेल मिळून वर्षाला सव्वादोन लाख धरले आहेत. येत्या मार्चमध्ये एलआयसीचे 8 लाख 40 हजार मिळतील. त्यातून पावणेपाच लाखांत सुट्ट्या भागांतली उघडी गाडी घ्यायची (जुन्या जीपची चासी, नवी बॉडी, वेगळं इंजिन), मित्राच्या गॅरेजमध्ये जोडायची आणि नोव्हेंबरात पत्नीसह अलिबागपासून कन्याकुमारीपर्यंत समुद्राकाठानं जायचं. 24 दिवस, खर्च 1 लाख 60 हजार. वडील पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. त्यांच्या उघड्या जीपमधून गंगापूर धरणावर जायचो, ते विसरता येत नाही, असं त्यांनी लिहिलं आहे.

नमस्कार.

धरणाची ती दोन वाक्यं मी पुन्हा वाचली. प्रवास रद्द करा, असं मी सांगणार नाही. गाडी मात्र घेऊ नका. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी एकाच पाकिटात आल्या आहेत, त्या वेगळ्या करू.

साधा हिशोब आधी. तुमच्या घराला हप्त्यासह महिन्याला 59,500 लागतात. सहा महिन्यांचे 3 लाख 57 हजार हाताशी हवेत. एफडी 3 लाखांची आहे, म्हणजे एलआयसीतले 57 हजार तिकडे गेले. गाडी आणि प्रवास मिळून 6 लाख 35 हजार वजा केले की उरतात 1 लाख 48 हजार, आणि मुलाची पहिल्या वर्षाची फी आहे सव्वादोन लाख. म्हणजे पहिल्याच वर्षी 77 हजारांची तूट, तीही गॅरेजचं एकही जादा बिल न येता. तुम्ही स्वतः मेंटेनन्समधले आहात; जुनं मशीन उघडल्यावर खर्च ठरल्यापेक्षा किती वाढतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण पैसे कमी पडणं ही यातली लहान अडचण. मोठी अडचण आरसी बुकात आहे.

किट कारची, म्हणजे सुट्टे भाग घेऊन घरी जोडायच्या गाडीची, कल्पना इंग्लंडात रुजली. 1957 ची लोटस सेव्हन सुट्ट्या भागांत विकली जायची, कारण तयार गाडीवर तिथे खरेदी कर होता आणि सुट्ट्या भागांच्या गाडीवर तो नव्हता. आजही तिकडे घरी जोडलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि पास झाली की नंबर मिळतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे गाडीचा नमुना उत्पादकानं पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही व्यवस्था कारखान्यांसाठी आहे, गॅरेजमध्ये एकच गाडी जोडणाऱ्यासाठी नाही. त्यामुळे ‘पासिंगचं बघतो’ असं विकणारा म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा जुन्या जीपचे कागद या नव्या गाडीला लावणं असा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवर नोंदलेल्या, उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं.

आता अपघाताचं बोलतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. समजा रत्नागिरीच्या पुढे एका वळणावर दुचाकीस्वाराला धक्का लागला. भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. मृत्यू झाला असेल तर माणसाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेले लोक पाहून ती पन्नास लाखांच्या पुढेही जाऊ शकते. थर्ड पार्टी विमा असतो तो यासाठीच. पण कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी निघाली, तर विमा कंपनी तोच मुद्दा घेऊन उभी राहते. कंपनीनं आधी पैसे भरावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असेही आदेश होतात. ती वसुली तुमच्या सिडकोतल्या घरापर्यंत येऊ शकते. बत्तीसेक महिन्यांत ज्या घराचं कर्ज फिटणार आहे, ते पणाला लावू नका.

यापेक्षा उघडी गाडी भाड्यानं घ्या. तुम्ही चौकशी केलीच आहे: कापडी टपाची थार, दिवसाला साडेचार हजार. 24 दिवसांचे 1 लाख 8 हजार, प्रवासासह 2 लाख 68 हजार. मग हिशोब असा बसतो: 8 लाख 40 हजारांतून 57 हजार एफडीच्या जोडीला, सव्वादोन लाख पहिली फी, 2 लाख 68 हजार प्रवास. उरतात 2 लाख 90 हजार, त्यात दुसऱ्या वर्षाची फी निघते. तिसऱ्या वर्षासाठी पगारातून एसआयपीनंतर उरणारे साडेदहा हजार दरमहा बाजूला टाका. दोन वर्षांत अडीच लाख होतात. चौथ्या वर्षापर्यंत हप्ता संपलेला असेल.

भाड्याच्या गाडीला काळ्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरं हवीत. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे देऊन घेतलीत, तर विम्याचा हाच प्रश्न दुसऱ्या दारानं आत येईल. परराज्यात नेण्याची परवानगी लेखी घ्या.

महिना बदला. नोव्हेंबरात केरळचा दक्षिण भाग आणि कन्याकुमारी ईशान्य मोसमी पावसात असतात, उघड्या गाडीला ते सोसायचं नाही. नववर्षाची गर्दी ओसरली की, 10 जानेवारीनंतर निघा. गोव्यातल्या खोल्यांचे दरही तेव्हा उतरलेले असतात. पेट्रोलचा तुमचा अंदाज बरोबर वाटतो: येऊन-जाऊन 4 हजार किलोमीटर, लिटरला 10 चा ॲव्हरेज, 105 चा दर, म्हणजे 42 हजार.

दिवस कापावे लागले तर केरळातले कापा, कोकणातले नको. मुंबई-गोवा महामार्ग सोडून किनारा धरलात की आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीनं ओलांडता येतात. गाडीसकट बोटीत चढायचं, पलीकडे उतरायचं. उघड्या गाडीचं खरं सुख मला तिथे दिसतं. पुढे कर्नाटकात मरवंथेला रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. तिथे घाईनं पुढे जाऊ नका.

गाडी स्वतःच्या हातानं जोडायची हौस उरतेच, आणि ती मी हलक्यानं घेत नाही. कर्ज फिटल्यावर मूळ रचनेतली, साफ कागदांची जुनी जीप शोधा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून पाहा. 15 वर्षांनंतर फिटनेस तपासून आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं, तेवढा खर्च धरा. तोवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची फी भागून शिल्लक राहणाऱ्या पैशांतून या कामासाठी महिन्याला दोन-तीन हजारांची आवर्ती ठेव चालू ठेवा.

एक विचारायचं राहिलं. एवढ्या मोठ्या पत्रात वहिनींचं मत कुठे आलं नाही. 24 दिवस डोक्यावर ऊन आणि कानात वारा त्यांना झेपेल का, आवडेल का? आगाऊ रक्कम भरण्याआधी तीच गाडी दोन दिवसांसाठी घ्या आणि दोघं त्र्यंबक, मोखाडा, जव्हारमार्गे डहाणूला जाऊन या. घाट, ऊन, वारा आणि समुद्र, सगळं त्यात येतं. खर्च पंधरा हजारांच्या आत बसेल. परत आल्यावर त्या काय म्हणाल्या, ते मला कळवा. दिवसांचा आकडा मग पक्का करू.