डेलावेअर किंवा मेरीलँडमध्ये स्टॅट्युटरी ट्रस्ट काढायचा तर तिथे ऑफिस आणि एजंट असावाच लागतो का?

तुम्ही तिघं भागीदार न्यू जर्सीत राहता, भाड्यानं दिलेली इमारत स्टॅट्युटरी ट्रस्टच्या, म्हणजे राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टच्या, नावावर घ्यायची आहे, आणि एलएलसीसाठी (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीसाठी) ठेवला होता तसा स्वस्तातला रजिस्टर्ड एजंट, म्हणजे समन्स आणि सरकारी कागद स्वीकारणारा प्रतिनिधी, इथेही चालेल का, असं विचारताय. मेरीलँडमध्ये बऱ्याच अंशी चालेल, डेलावेअरमध्ये चालणार नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

डेलावेअरच्या कायद्यात कलम 3807 आहे. त्यानुसार ट्रस्टला कायम किमान एक ट्रस्टी डेलावेअरचा लागतो. ट्रस्टी व्यक्ती असेल तर ती त्या राज्याची रहिवासी हवी. कंपनी असेल तर तिच्या धंद्याचं मुख्य ठिकाण तिथे हवं. ट्रस्टचं स्वतःचं ऑफिस डेलावेअरमध्ये असण्याची गरज नाही. ट्रस्टीऐवजी रजिस्टर्ड ऑफिस आणि रजिस्टर्ड एजंट ठेवण्याची सोय म्युच्युअल फंडासारख्या नोंदणीकृत गुंतवणूक कंपन्यांसाठी आहे. तुमच्या इमारतीला ती लागू नाही.

तुमच्यापैकी कोणीच डेलावेअरला राहत नसल्यामुळे एखाद्या ट्रस्ट कंपनीला ‘डेलावेअर ट्रस्टी’ म्हणून नेमावं लागेल. सर्टिफिकेट ऑफ ट्रस्टमध्ये, म्हणजे ट्रस्ट स्थापन करताना राज्याकडे दाखल करायच्या कागदात, याच ट्रस्टीचं नाव आणि व्यवसायाचा पत्ता जातो. दाखल करायची फी 500 डॉलर, पण पुढे वार्षिक फ्रँचायझी टॅक्स (राज्यात नोंदलेल्या संस्थांवरचा कर) नाही. या ट्रस्टीचं काम कायद्यापुरतं, म्हणजे सर्टिफिकेटवर सही आणि समन्स स्वीकारणं एवढंच ठेवता येतं. मात्र तसं ट्रस्टच्या करारात स्पष्ट लिहायला हवं. त्याच करारात आणखी एक कलम घालाच: नवा डेलावेअर ट्रस्टी नेमला जाईपर्यंत जुन्याचा राजीनामा अमलात येणार नाही. हे नसेल आणि फीवरून वाद होऊन ट्रस्टी निघून गेला, तर त्या दिवसापासून ट्रस्ट कायद्याची मूळ अटच पाळत नाही, आणि हे नेमकं इमारत विकताना किंवा कर्जाची कागदपत्रं तपासताना उघड होतं. ट्रस्टी किंवा त्याचा पत्ता बदलला की सर्टिफिकेटची दुरुस्तीही लगेच दाखल करा.

मेरीलँडची मांडणी वेगळी आहे. तिथे स्थानिक ट्रस्टीची सक्ती नाही. प्रिन्सिपल ऑफिस (मुख्य कार्यालय) आणि किमान एक रेसिडेंट एजंट (रजिस्टर्ड एजंटचं तिथलं नाव), दोन्ही राज्यातच लागतात. ऑफिस स्वतंत्र भाड्यानं घ्यायची गरज नाही, एजंटचाच पत्ता दोन्हीकडे चालतो, फक्त एजंटशी तसं आधी ठरवून घ्या. पत्ता रस्त्याचा हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. एजंट म्हणून मेरीलँडमध्ये राहणारी प्रौढ व्यक्ती किंवा मेरीलँडच्याच कायद्याखाली स्थापन झालेली कंपनी चालते. दुसऱ्या राज्यातली कंपनी नुसती तिथे नोंदलेली असून भागत नाही. म्हणून देशभर सेवा देणाऱ्या एजंट कंपनीकडून तिच्या मेरीलँडमधल्या संस्थेचं अचूक नाव मागून घ्या. ट्रस्ट स्वतःचाच एजंट होऊ शकत नाही. शिवाय एजंटची लेखी संमती सोबत जोडावी लागते. ती राहिली की बाल्टिमोरचं असेसमेंट्स अँड टॅक्सेशन खातं कागद परत पाठवतं. पुढे दरवर्षी 15 एप्रिलपर्यंत याच खात्याला वार्षिक अहवाल आणि 300 डॉलर द्यायचे.

मेरीलँडमध्ये एजंटचा पत्ता जुना राहिला तर काय होतं, हे नीट समजून घ्या. तिथल्या कोर्टाच्या नियमाप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी दोनदा प्रामाणिक प्रयत्न करूनही एजंटकडे समन्स पोचलं नाही, तर ते याच असेसमेंट्स अँड टॅक्सेशन खात्याकडे देता येतं आणि कायद्यानं ते ट्रस्टला मिळाल्यासारखंच असतं. भाडेकरूनं दावा लावलाय हे तुम्हाला कळण्याआधी उत्तराची मुदत संपून एकतर्फी निकाल लागू शकतो. एजंटकडचा तुमचा ईमेल आणि फोन म्हणून दरवर्षी तपासा.

तुमच्या जागी मी डेलावेअर निवडेन. ट्रस्टीचा वार्षिक खर्च एजंटपेक्षा जास्त येतो, हे खरं. पण कर्ज देणाऱ्या बँकांच्या वकिलांना तो कायदा सरावाचा असतो आणि त्यामुळे व्यवहारात पुष्कळ वेळ वाचतो. मात्र इमारत न्यू जर्सीतच असेल, तर तिथे बाहेरचा ट्रस्ट म्हणून नोंदणी आणि न्यू जर्सीतला एजंट लागेल का, हे खरेदीखताआधी तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. डेलावेअर ट्रस्टीनं तो प्रश्न सुटत नाही.